डिस्क परत फुल्ल? लॉग रोटेशन नेमकं कुठं अडकतं ते शोधायची माझी पद्धत

लॉग म्हणजे ॲप काय करतंय त्याच्या नोंदींची फाइल. ती ठराविक काळानं बाजूला करून नवी सुरू करायची आणि जुन्या काढून टाकायच्या, याला रोटेशन किंवा फिरवणं म्हणतात, आणि लिनक्सवर ते लॉगरोटेट नावाचा प्रोग्राम करतो. आता आधी लक्षणं सांगतो. तुमचं दुखणं हेच आहे का ते बघून घ्या, नसेल तर उगाच इथं वेळ घालवू नका.

ॲप उघडतं, लॉगिनचं पान दिसतं, पासवर्ड बरोबर टाकला तरी परत लॉगिनच्याच पानावर आणून सोडतं, कारण सेशन लिहायलाच जागा नाही. जुन्या पावत्या दिसतात पण नवीन सेव्ह करायला गेलं की ५०० एरर. टर्मिनलवर अर्धी कमांड टाइप करून टॅब दाबला तर टेम्प फाइल बनवता येत नाही असं काहीतरी लाल-पिवळं ओरडतं. लॉगमध्ये, म्हणजे लॉग लिहिला गेलाच असेल तर, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. कोणीतरी शहाण्यानं भलीमोठी लॉग फाइल उडवली तरी डिस्क १०० टक्केच दाखवते. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं गुळगुळीत चालतं, सगळे खूश, आणि पंधरा-वीस दिवसांनी परत तेच. रीस्टार्टनं बरं होतं म्हणून लोक रीस्टार्टलाच औषध समजतात, एका गिऱ्हाइकानं तर दर अमावस्येला रीस्टार्ट करायचं असं कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

आमचं कोल्हापुरात राजारामपुरीत दोन माणसांचं ऑफिस आहे. कुणाचं बिलिंग, कुणाचा फौंड्रीतला स्टॉक, कुणाचा उसाचा काटा, अशी वेब ॲप ज्या सर्व्हरवर चालतात ते आम्ही सांभाळतो. ही भानगड इतक्यांदा निस्तरलीय की आता फोनवर पलीकडचा माणूस दुसरं वाक्य बोलायच्या आत मी 'डीएफ मार' म्हणतो. डीएफ म्हणजे डिस्क किती भरलीय ते दाखवणारी कमांड. कमांड खाली मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात, म्हणजे बोलून. टाइप करताना तुम्ही नेहमीच्या अक्षरांत कराल, ते सांगायला नको.

गेल्या गळीत हंगामातली एक रात्र सांगतो म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. पावणेतीन वाजता फोन. काट्यावरचा पोरगा म्हणतो, "दादा, वजन येतंय पण पावती निघंना, मागं पस्तीस ट्रॅक्टर लागल्यात, ड्रायव्हर शिव्या द्यायला लागल्यात." मी म्हटलं, संध्याकाळी कुणी काय केलं का? "कोण काय केलं न्हाई." डीएफ मारायला लावलं, १०० टक्के. लॉग फोल्डर बघायला लावलं तर तिथं काहीच नाही, सगळं मिळून चाळीस एमबी. मग हळूच कळलं की संध्याकाळी सात वाजता डिस्क भरत आल्याचा मेल बघून कुणीतरी ३८ जीबीची लॉग फाइल डिलीट केलेली, आणि फाइल गेली तरी जागा काय सुटली नव्हती. का नाही सुटली ते खाली तिसऱ्या टप्प्यात येतंय.

आता क्रमानं. सोपं आणि फुकटचं आधी, वेळखाऊ आणि डोकेखाऊ नंतर, आणि प्लीज क्रम मोडू नका.

पहिलं: डिस्क खरंच भरलीय का, आणि काय भरलंय

डीएफ हायफन एच. कुठलं पार्टिशन भरलंय ते बघा, नुसतं 'डिस्क फुल्ल' म्हणू नका. बरेचदा रूट पार्टिशन वेगळं, /व्हार वेगळं असतं आणि माणूस भलत्याच ठिकाणी जागा करत बसतो.

लगेच त्याच्याच पाठोपाठ डीएफ हायफन आय. ही कमांड दहातले आठजण मारत नाहीत. फाइलसिस्टीमवर जागा जशी मोजून असते तसे इनोडही मोजून असतात, एक फाइल म्हणजे एक इनोड, फाइल दोन बाइटची असली तरी. कुणी रिक्वेस्टमागे एक लॉग फाइल बनवणारं ॲप लिहिलं असेल, किंवा जुन्या सेशन फाइली कधी साफच होत नसतील, तर ६० जीबी रिकामे असूनसुद्धा इनोड संपतात आणि एरर मात्र तोच येतो, जागा नाही. तिथं मोठी फाइल शोधत बसलात तर सकाळ होईल, कारण मोठी फाइल नसतेच, बारक्या लाखोंनी असतात.

अजून एक फसगत. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टीमवर, काही बदललं नसेल तर, ५ टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरसाठी, राखीव असते. म्हणजे ॲपच्या युजरला जागा संपली तरी तुम्ही रूट होऊन एखादी फाइल बनवून बघितली तर ती मस्त बनते, आणि तुम्ही म्हणता डिस्क तर ठीक आहे, प्रोग्रामरचाच घोळ. भांडणं होतात यावरून. तपासायचं तर ॲप ज्या युजरनं चालतं त्याच युजरनं तपासा.

दुसरं: जागा कोणी खाल्ली

डीयू सांगते कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली. डीयू हायफन एक्सएच, मॅक्स-डेप्थ एक, आणि ते सॉर्ट हायफन एच मधून काढा. एक्स यासाठी की दुसऱ्या पार्टिशनमध्ये घुसून आकडे मिसळायला नकोत. नेहमीचे चोर सांगतो: /व्हार/लॉग, लारावेलचं स्टोरेजमधलं लॉग्ज फोल्डर, पीएम२ वापरत असाल तर होममधलं .पीएम२/लॉग्ज, टॉमकॅटचं कॅटालिना डॉट आउट, आणि डॉकर असेल तर /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स.

सिस्टीमडीचं, म्हणजे लिनक्सच्या सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामचं, स्वतःचं जर्नल वेगळं बघा, जर्नलसीटीएल डॅश डॅश डिस्क-युसेज. हे नेहमीच्या सेटिंगला फाइलसिस्टीमच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी एवढंच वाढतं, म्हणून मोठ्या डिस्कवर ते गुन्हेगार नसतं, पण २० जीबीच्या स्वस्तातल्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर, २ जीबी म्हणजे चेष्टा नाही. व्हॅक्युम-साइज ५०० एम करून आटपा आणि जर्नलडीच्या कॉन्फमध्ये सिस्टीममॅक्सयूज लिहून टाका, म्हणजे हा विषय कायमचा संपला.

तात्पुरता श्वास घ्यायला जागा करायची असेल तर लॉग फाइल डिलीट करू नका. आरएम नाही. ट्रंकेट हायफन एस शून्य आणि फाइलचं नाव. फाइल तशीच राहते, आतलं रिकामं होतं, जागा तिथल्या तिथं सुटते. त्याआधी शेवटच्या पाच-दहा हजार ओळी आपल्या लॅपटॉपवर ओढून घ्या, त्याच सर्व्हरवर कॉपी करायला जागा कुठाय. त्या ओळी पुढं लागणार आहेत, का ते आठव्यात.

तिसरं: मेलेली फाइल धरून कोण बसलंय

डीएफ म्हणतंय भरलंय, डीयूची बेरीज मारली तर अर्धीच येते. हा फरक दिसला की समजायचं, डिलीट केलेली फाइल कुठल्यातरी प्रोसेसनं उघडी धरून ठेवलीय. लिनक्समध्ये आरएम म्हणजे नुसतं नाव पुसणं, ज्याच्या हातात फाइल आहे तो सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही, उलट तो त्या बिननावाच्या फाइलीत आरामात लिहीत राहतो. भाडेकरू घरात आणि आपण दारावरची पाटी काढली, असला प्रकार.

एलएसओएफ, स्पेस, अधिक, कॅपिटल एल, एक. नाव उरलं नाही पण उघड्या आहेत अशा सगळ्या फाइली येतात, शेजारी साइज आणि प्रोसेसचा नंबर. काट्याच्या त्या रात्री पहिल्याच ओळीत ३८ जीबी आणि समोर ॲपचं नाव. ॲपची सर्व्हिस रीस्टार्ट केली, वीस सेकंद, डीएफ १०० वरून ३४ वर, पावत्या सुरू. पोरगा म्हणतो, "आयला, एवढंच होतं व्हय." एवढंच होतं, पण सातपासून पावणेतीनपर्यंत कुणाला सुचलं नव्हतं. रीस्टार्ट करणं अजिबात शक्यच नसेल तर /प्रॉक मध्ये त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमधून तीच फाइल रिकामी करता येते, पण नंबर चुकला तर दुसरंच काही रिकामं होईल, हात थरथरत असतील तर रीस्टार्टच बरा.

रीस्टार्टनं बरं वाटायचं कारणही हेच. सर्व्हर बंद झाला की सगळ्यांच्या हातातल्या फाइली सुटतात. म्हणजे तुमच्याकडे रीस्टार्टनं जागा मोकळी होत असेल तर लॉग बहुतेक फिरतोय, पण ॲपला कुणी सांगितलंच नाही की बाबा जुनी फाइल सोड. याचा इलाज सहाव्यात.

चौथं: लॉगरोटेट चालतोय का मुळात

इथून खरं निवारण सुरू होतं, वरचं सगळं प्रथमोपचार होतं. लोक थेट कॉन्फिग उघडून ओळी बदलायला लागतात, आणि लॉगरोटेट गेले चार महिने चाललेलाच नसतो. आधी चालतोय का ते बघा.

नव्या उबंटू-डेबियनवर तो सिस्टीमडीच्या टायमरवर चालतो. सिस्टीमसीटीएल लिस्ट-टायमर्स मारा, लॉगरोटेट टायमर शेवटचा कधी चालला आणि पुढचा कधी ते दिसतं. मग सिस्टीमसीटीएल स्टेटस लॉगरोटेट. तिथं लाल अक्षरात फेल्ड असेल तर अर्धी लढाई जिंकलात. मग स्टेटस फाइल बघा, डेबियन-उबंटूवर /व्हार/लिब/लॉगरोटेट/स्टेटस. आत प्रत्येक लॉगचं नाव आणि पुढं तारीख. तुमच्या ॲपच्या लॉगचं नाव तिथं नसेलच तर लॉगरोटेटला ती फाइल माहीतच नाही. नाव आहे पण तारीख दोन महिन्यांपूर्वीची असेल तर त्या तारखेला कुणी काय बदललं ते आठवा. ही एक फाइल बघायची सवय लागली तर माझे निम्मे फोन बंद होतील, आणि मला चालेल.

जुन्या सिस्टीमवर तो क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, डेलीमधून चालतो, जुन्या उबंटूवर सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी. गुजरीतल्या एका सराफी दुकानात सर्व्हर काउंटरखाली ठेवलेला. कॉन्फिग शंभर टक्के बरोबर, हाताने चालवलं की मस्त फिरतं, पण आपोआप कधीच नाही. तीनदा जाऊन आलो. चौथ्यांदा सकाळी दुकान उघडायच्या वेळी जाऊन बसलो, तेव्हा समजलं की रात्री दुकान बंद करताना मेन स्विचच पाडतात आणि सकाळी साडेदहाला चालू करतात. ६:२५ ला सर्व्हर झोपलेला, रोजच. क्रॉन चुकलेलं काम नंतर करत नाही, त्यासाठी ॲनाक्रॉन लागतं, ते टाकलं, विषय संपला. नव्या टायमरमध्ये पर्सिस्टंट चालू असतं, म्हणजे मशीन बंद असताना वेळ टळली तर चालू झाल्यावर तो काम उरकून घेतो. तुमच्याकडे रात्री लाईट जात असेल आणि सिस्टीम जुनी असेल तर हे आधी बघा.

पाचवं: कोरडी चाचणी

लॉगरोटेट हायफन डी आणि पुढं /ईटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ. डी म्हणजे डिबग, तो काय काय केलं असतं ते सांगतो, हात कशालाच लावत नाही. बिनधास्त मारा. आउटपुट लांबलचक येतं, वाचा, त्यातली 'एरर' शब्द असलेली ओळ शोधा. मला वारंवार दिसणारे तीन.

पहिला, पॅरेंट डिरेक्टरीच्या परमिशन असुरक्षित आहेत म्हणून फाइल सोडून दिली. लॉगचं फोल्डर वेब सर्व्हरच्या ग्रुपला लिहायला खुलं असतं, आणि लॉगरोटेट रूट म्हणून चालत असल्यानं अशा फोल्डरमध्ये हात घालायला नकार देतो, कारण तिथं कुणीही लिंक टाकून रूटकडून भलतं काम करून घेऊ शकतो. मेसेजमध्येच इलाज लिहिलेला असतो, कॉन्फिगमध्ये 'एसयू' आणि पुढं त्या फोल्डरचा युजर-ग्रुप लिहा. लोक त्याऐवजी चमोड ७७७ मारतात, म्हणजे फोल्डर सगळ्यांना सगळं खुलं करून टाकतात. ७७७ नं हा एरर जात नाही, उलट पक्का होतो. तरी मारतात.

दुसरा, कॉन्फिग फाइलचीच परमिशन चुकीची किंवा मालक रूट नाही, म्हणून ती फाइलच दुर्लक्षित. गिटमधून किंवा एफटीपीनं आणून टाकलेल्या फाइलींचं हे होतं. मालक रूट, परमिशन ६४४.

तिसरा, डुप्लिकेट लॉग एंट्री, आणि हा माझा आवडता. शिरोली एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये लॉगरोटेट.डी फोल्डरमध्ये तीन फाइली होत्या: 'ईआरपी', 'ईआरपी-जुनी' आणि 'ईआरपी-फायनल'. कुणीतरी चांगल्या मनानं बदल करायच्या आधी बॅकअप घेतलेला, त्याच फोल्डरमध्ये. लॉगरोटेट त्या फोल्डरातलं जवळपास सगळं वाचतो, .डीपीकेजी-ओल्ड, .स्वॉप अशी काही ठराविक शेपटं सोडून. 'जुनी' हे शेपूट त्याला काय माहीत. एकाच लॉगसाठी दोन-दोन नियम आले की तो दुसरा टाकून देतो आणि एरर देऊन बाहेर पडतो, मग नेमका कुठला नियम लागतोय ते कळायला मार्ग नाही. बॅकअप घ्या, पण होम फोल्डरमध्ये घ्या.

एक सूचना. नवीन लॉगसाठी डेली असा नियम टाकला आणि हाताने चालवून बघितलं तर पहिल्यांदा काहीच होत नाही. तो नुसती आजची तारीख स्टेटसमध्ये लिहून ठेवतो, फिरवतो दुसऱ्या दिवसापासून. लोकांना वाटतं बिघडलं. लगेच बघायचं असेल तर हायफन एफ, म्हणजे जबरदस्तीनं, आणि ते एकदाच, कारण प्रत्येक एफला एक जुनी फाइल पुढं सरकते आणि शेवटची कचऱ्यात जाते.

रेडहॅटच्या घराण्यातली सिस्टीम असेल, हाताने चालतं आणि टायमरनं चालत नाही असं असेल, आणि लॉग /व्हार/लॉगच्या बाहेर असेल, तर एसईलिनक्सवर, म्हणजे कुठल्या प्रोग्रामनं कशाला हात लावायचा ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्यावर, संशय घ्या. ऑडिट लॉगमध्ये नकार दिसतो. फोल्डरला लॉगचं योग्य लेबल द्या, एसईलिनक्सच बंद करून टाकू नका.

सहावं: कॉन्फिगच्या आतली खोड

इथं जरा बसायला लागतंय, चहा घेऊन बसा.

अवरली लिहिलंय पण दिवसातून एकदाच फिरतंय? साहजिक आहे. अवरली लिहिल्यानं लॉगरोटेट तासाला चालत नाही, टायमर त्याला दिवसातून एकदाच उठवतो. टायमर पण तासाचा करायला लागतो. साइज १०० एम लिहूनही फाइल ९ जीबी झाली, त्याचंही हेच, साइज तपासायला तो उठायला तर पाहिजे. आणि साइज लिहिलं आणि डेलीसुद्धा लिहिलं तर दोन्ही लागू होत नाहीत, शेवटी लिहिलेलं चालतं. 'रोज फिरव, पण मध्येच फार वाढलं तर आधीही फिरव' असं पाहिजे असेल तर डेली आणि मॅक्ससाइज. मी हेच वापरतो.

मॅक्ससाइज, तासाचा टायमर आणि वर डेटएक्स्ट लावलं तर नवीन गंमत. डेटएक्स्ट फाइलीला तारखेचं शेपूट लावतं, दिवसात दुसऱ्यांदा फिरवायची वेळ आली की त्या नावाची फाइल आधीच हजर, मग तो म्हणतो अगोदरच आहे, सोडून दिलं. तारखेच्या फॉरमॅटमध्ये तास टाका नाहीतर डेटएक्स्ट काढा.

नावाच्या जागी नुसता तारा टाकू नका. *.लॉग लिहा. नुसता तारा असेल तर आज फिरवलेली .१ फाइलसुद्धा उद्या लॉगच वाटते, मग .१.१, मग .१.१.१, आणि फोल्डर लग्नाच्या पत्रिकेतल्या नावांसारखं वाढत जातं. एका ठिकाणी ११ हजार फाइली मोजल्यात मी अशा.

आता मुख्य, फाइल सोडायला सांगणं. दोन रस्ते. एक, जुनी फाइल नाव बदलून बाजूला करायची, क्रिएटनं नवी बनवायची आणि पोस्टरोटेटमध्ये, म्हणजे फिरवून झाल्यावर चालणाऱ्या कमांडींत, ॲपला सिग्नल द्यायचा. एंजिनएक्सला यूएसआर१, गनिकॉर्नलाही यूएसआर१, अपाचेला ग्रेसफुल. हा चांगला रस्ता. यात घोळ होतो तो पीआयडी फाइलच्या, म्हणजे प्रोसेसचा नंबर ठेवलेल्या फाइलच्या, पाथमध्ये. पाथ चुकलेला असतो, आणि शेवटी एरर कचऱ्यात टाकायची शेपटी जोडलेली असते, म्हणून सिग्नल जात नाही आणि कुणी बोंबही मारत नाही. ओळखायची खूण म्हणजे नवी फाइल शून्य बाइट आणि .१ फाइल वाढतीय. डिलेकॉम्प्रेस यासाठीच ठेवतात, फिरवल्यावर थोडा वेळ ॲप जुन्यात लिहीत असलं तरी ती लगेच झिप होऊ नये.

दुसरा रस्ता कॉपीट्रंकेट. फाइलची कॉपी घ्यायची आणि मूळ रिकामी करायची, ॲपला काहीच सांगायला लागत नाही. ज्या ॲपला सिग्नल कळत नाही त्यांच्यासाठी ठीक, टॉमकॅटचं कॅटालिना डॉट आउट तसंच फिरवतात. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. कॉपी आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणातल्या ओळी जातात. कॉपीला तेवढीच जागा लागते, म्हणजे २० जीबीची फाइल आणि ५ जीबी रिकामे असतील तर तो फिरवूच शकत नाही, नेमका गरज असते तेव्हाच. आणि ॲपनं फाइल अपेंड पद्धतीनं उघडलेली नसेल तर रिकामी केल्यावरही ते जुन्याच जागेपासून पुढं लिहितं, एलएस मध्ये फाइल ८ जीबी दिसते, डीयू मध्ये ४ एमबी, आणि तुम्ही डोकं खाजवत बसता.

सातवं: ॲप स्वतःच फिरवतंय का

एका लॉगला एकच फिरवणारा. दोघं फिरवायला लागले की इस्कोट. लारावेलमध्ये चॅनल 'सिंगल' असेल तर एकच फाइल फुगत जाते, 'डेली' केलं की रोज नवी आणि जुन्या ठराविक दिवसांनी आपोआप जातात, मग तिथं लॉगरोटेट नको. फक्त एक खड्डा आहे. रात्री बारानंतर पहिली ओळ रूटच्या क्रॉनमधल्या आर्टिसन कमांडनं लिहिली तर आजची फाइल रूटच्या मालकीची होते आणि वेब सर्व्हरला त्यात लिहिता येत नाही, ॲप ५०० देतं, डिस्क मात्र निम्मी रिकामी. क्रॉन वेब सर्व्हरच्याच युजरनं चालवा.

पायथॉनचा रोटेटिंग फाइल हँडलर एका प्रोसेससाठी आहे, गनिकॉर्नचे चार वर्कर त्याच फाइलीवर सोडले तर एकमेकांच्या ओळी खातात. पीएम२ ला त्याचं लॉगरोटेट मॉड्यूल वेगळं टाकायला लागतं. डॉकरचा जेसन-फाइल ड्रायव्हर नेहमीच्या सेटिंगला अमर्याद लिहितो, डेमन.जेसनमध्ये मॅक्स-साइज आणि मॅक्स-फाइल लिहा, पण ते नवीन बनवलेल्या कंटेनरलाच लागतं, जुना नुसता रीस्टार्ट करून उपयोग नाही, काढून परत बनवायला लागतो. यावर लय जणांनी माझ्याशी वाद घातलाय.

आठवं: एवढा लॉग येतो कुठून

मघाशी लॅपटॉपवर घेतलेल्या ओळी उघडा. काट्याच्या ॲपमध्ये इंडिकेटरचं वजन अर्ध्या सेकंदाला वाचलं जायचं आणि प्रत्येक वाचनाची एक ओळ, डिबग लेव्हलला, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहिणाऱ्या पातळीला, काट्यावर गाडी असो नसो. दिवसाला १,७२,८०० ओळी, त्याही एका काट्याच्या, आणि वाचन फसलं की प्रत्येकीखाली वीतभर स्टॅक ट्रेस. लेव्हल इन्फोवर आणली आणि डिस्क महिनाभरात एक टक्का वाढली. फिरवणं म्हणजे पाणी उपसणं, नळ कुठला चालू आहे तेही बघायला पाहिजे.

पण म्हणून रोटेट ७ करून सगळं फेकूही नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी सिस्टीमचे लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत. सर्व्हरवर १४ दिवस ठेवा, झिप झालेल्या फाइली रोज दुसरीकडं स्वस्त स्टोरेजवर हलवा. टेक्स्ट लॉग झिप होऊन फार बारीक होतात, खर्चाचं कारण सांगू नका.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

डेटाबेसच्या फोल्डरमध्ये जागा करायला जाऊ नका. नावात लॉग आहे म्हणून ती लॉग फाइल नसते. मायएसक्यूएलचे बिनलॉग, म्हणजे डेटातल्या बदलांच्या नोंदी, ८.० पासून आपोआप चालू असतात आणि ३० दिवस साठतात, ते पर्ज करायची रीतसर कमांड आहे, आरएम नं उडवले तर इंडेक्स आणि फाइली जुळत नाहीत. इनोडीबीच्या, म्हणजे मायएसक्यूएलच्या मूळ डेटाच्या, फाइली तर बघायच्याही नाहीत. पोस्टग्रेसमध्ये पीजी_एक्सलॉग नावाचं फोल्डर होतं, लोक लॉग समजून उडवायचे आणि डेटाबेस गमवायचे, इतकं व्हायचं की २०१७ च्या १० व्या आवृत्तीत त्याचं नाव बदलून पीजी_वॉल केलं. त्यामुळं जागा डेटाबेसनं खाल्ली असेल, किंवा डिस्क भरल्यानंतर डेटाबेस उठतच नसेल, तर हात मागं.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या मेसेजमध्ये, आय-ओ एरर दिसतायत किंवा फाइलसिस्टीम आपोआप रीड-ओन्ली झालीय, तर हा लॉगचा विषयच नाही, डिस्क मरायला लागलीय. रीस्टार्ट करू नका, पुढच्या वेळी उठेल याची खात्री नाही, आधी बॅकअप. पार्टिशन वाढवायची वेळ आली आणि तुम्ही ते कधी केलेलं नसेल तर चालत्या सर्व्हरवर शिकू नका, विशेषतः हंगामात. आणि लॉग एकदम फुगण्याचं कारण अनोळखी आयपींवरून हजारो लॉगिनचे प्रयत्न किंवा विचित्र यूआरएल असतील तर ती फाइल रिकामी करू नका, बाहेर कॉपी करा आणि सिक्युरिटीवाल्याला दाखवा, कारण त्याच्या हाताला तेवढाच पुरावा लागणार आहे.

फोन करायच्या आधी चार गोष्टी जवळ ठेवा: डीएफच्या दोन्ही कमांडींचं आउटपुट, लॉगरोटेटची स्टेटस फाइल, हायफन डी चं आउटपुट, आणि तुम्ही आतापर्यंत काय काय केलंत ते. शेवटचं खरं सांगा भावा. 'कोण काय केलं न्हाई' हे मी ऐकून घेतो, पण बॅशची हिस्टरी सगळं सांगते.